गाळलेल्या निरंक नोंदींबाबत

अर्जदार : रत्नागिरी येथे कचेरीच्या आवारात वीस वर्षांहून अधिक काळ अर्ज लिहिण्याचा व्यवसाय करणारा इसम, वय पन्नाशीच्या आत, शिक्षण मराठी सातवी.

जिच्या वतीने अर्ज : अर्जदाराच्या सख्ख्या बहिणीची मुलगी; घटनेच्या वेळी मुंबईस विद्यापीठात रसायनशास्त्राचे संशोधन करणारी विद्यार्थिनी.

सामनेवाला : अर्जदार स्वतः.

घटनेचा काळ : चालू दशकाच्या मध्याचे एक वर्ष, श्रावणाच्या अखेरीपासून दिवाळीच्या आधीपर्यंत.

साक्षीदार : एक, अर्जदाराची बहीण. दोन, कचेरीबाहेर अर्जदाराच्या शेजारी टेबल मांडून बसणारा टंकलेखक. तिसरा पुरावा कागदाचा होता. तो अर्जदाराने स्वहस्ते नष्ट केला.

नावे जाणूनबुजून लिहिलेली नाहीत. बिननावाचा अर्ज आवकेत घेत नाहीत, हे या व्यवसायात केस पांढरे केलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. परंतु माझ्या भाचीचे नाव एकदा माझ्यामुळे नको त्या कागदावर चढले आहे. ते पुन्हा माझ्या पेनातून उतरावे, अशी माझी इच्छा नाही.

मी वकील नाही. पण आमच्या जिल्ह्यात माझ्या अक्षरातला अर्ज साहेबाच्या टेबलावर वरच राहतो, असे खुद्द शिपाई सांगतात. अर्ज म्हणजे नुसते लिहिणे नव्हे. पक्षकार घाबरलेला येतो आणि सगळे सांगतो. स्वतःच्या चुका, शेजाऱ्याचे उपकार, सगळे. त्यातून काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे ठरवणे हा खरा धंदा. आपल्याविरुद्ध जाणारी गोष्ट अर्जदाराने आपण होऊन लिहायची नसते. आणि दुसरे, साफ प्रतीवर सही झाली की कच्चा खर्डा तेथल्या तेथे फाडायचा. उमेदवारीच्या काळात पावसच्या एका बागायतदाराचा हद्दीचा अर्ज मी लिहिला होता. बांधावरची आंब्याची कलमे शेजाऱ्याच्या वडिलांनी लावली, हे त्याने भाबडेपणाने सांगितले होते आणि मी ते खर्ड्यात टिपले होते. साफ प्रतीत ते अर्थातच नव्हते. खर्डा तो घरी घेऊन गेला, तो फिरत फिरत शेजाऱ्याच्या वकिलाच्या हाती पडला आणि कलमे गेली. त्या दिवसापासून माझ्या टेबलावरून एकही खर्डा शाबूत गेलेला नाही. ही सवय मी अभिमानाने सांगत असे.

माझे मेहुणे बोटीवर नोकरीला. वर्षातून दीड महिना घरी. त्यामुळे भाचीच्या कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून सही माझी, आणि ती एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली तेव्हा पेढे वाटणाराही मीच. पुढे तिला मुंबईस संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली. मी कचेरीत प्रत्येकाला सांगत असे की भाची औषधाचा शोध लावते आहे. नेमका कसला, हे मला ठाऊक नव्हते. आणि विचारण्याची पद्धत नव्हती, कारण विचारले तर ठाऊक नाही हे दिसले असते.

त्या वर्षी गणपतीसाठी ती घरी यायला निघाली. चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी बाजारात शिरले होते. एस.टी. स्टँडाच्या अलीकडे अडकली, गाडीत पोटरीएवढे पाणी आले आणि सीटखाली ठेवलेली तिची बॅग पूर्ण भिजली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरात शिरली ती बॅग छातीशी धरून.

"मामा, वही भिजली," हे तिचे पहिले वाक्य.

"तू किती भिजलीस ते आधी बघ गो," माझी बहीण पंचा घेऊन धावली. "वही काय, वाण्याकडे दुसरी मिळते."

ती प्रयोगाची वही होती. जाड पुठ्ठ्याची, छापील पृष्ठांकांची. प्रयोगशाळेतून बाहेर न्यायची नाही असा नियम असूनही सहामाहीचा अहवाल लिहायला म्हणून तिने ती आणली होती. शाई जागोजाग फुटली होती. आम्ही पान न् पान सुटे करून पडवीत दोरीवर वाळत घातले. चौथ्या दिवशी तिला ताप भरला आणि डोळे पिवळे झाले. काविळीने तिला महिनाभर अंथरुणावर ठेवले. दसऱ्यानंतर तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांसमोर आणि समितीसमोर तिचे काम तपासले जायचे होते. वही तर बुरशी धरू लागली होती.

"मामा, तुमचं अक्षर मोत्यासारखं," एक दिवस ती म्हणाली. "एवढी वही उतरून द्याल? जे जे वाचता येतंय ते सगळं. मूळ वहीबरोबर जोडून देईन मी."

"इंग्रजी आहे ना ते?"

"इंग्रजी पत्ते नाही का लिहीत तुम्ही? बघून बघून काढायचं."

"रांगोळीसारखं," बहीण म्हणाली.

"रांगोळी नव्हे, नक्कल," मी म्हणालो. "पण पक्षकाराची हकीकत समजल्याशिवाय मी पेन उघडत नाही. तुझं हे नेमकं काय चाललंय, ते सांग."

तेव्हा तिने आमच्या खाडीतल्या खेकड्याची, म्हणजे कुर्लीची, उपमा देऊन सांगितले. उशीला टेकून, मध्ये मध्ये दम खात. तिच्या सांगण्याइतके स्वच्छ निवेदन मी क्वचित ऐकले आहे.

"कुर्लीची नांगी असते ना मामा, तसा एक रेणू बनवला आहे. डोळ्यांना न दिसणारी कुर्ली समजा. तिच्या नांगीत कॅल्शियम बसलं की विशिष्ट दिव्याखाली ती निळी उजळते. नांगी रिकामी असली की काही नाही. ही कुर्ली हृदयाच्या पेशीत सोडायची. पेशी आकसते तेव्हा आतलं कॅल्शियम वाढतं. ते किती वाढतं, कुठं वाढतं, औषध दिल्यावर काय होतं, हे पेशी जिवंत असताना बघता येईल."

"कुर्ल्या धरायला मुंबईपर्यंत कशाला जायला हवं होतं?" बहीण म्हणाली. "भाट्याच्या खाडीत काय कमी आहेत?"

"आई, त्या तू कालवणात घालतेस."

"मग? चवीला बऱ्या असतात. तुझ्या कुर्लीनं एकाचं तरी पोट भरलं का?"

तिघेही हसलो. पिवळ्या डोळ्यांनी ती हसली ते अजून दिसते.

मी उत्तम कागद आणला. रोज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी दोन तास आणि सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत लिहीत असे. प्रत्येक पानावर तक्ता होता. डावीकडे नळीचा क्रमांक, मधोमध तीत काय मिसळले ते, उजवीकडे यंत्राने मोजलेला उजेड. आठवड्याच्या शेवटी प्राध्यापकांची लहानशी सही. सहीची नक्कल करणे हा गुन्हा आहे, म्हणून त्या जागी मी रिवाजाप्रमाणे 'सही' एवढाच शब्द लिहिला. पहिली पाच पाने मी तिला दाखवली. ती म्हणाली, "मामा, छापल्यासारखी आहेत हो." त्यानंतर तिने पाहिले नाही. डोळ्यांना ताण देऊ नको, असे मीच तिला बजावले होते.

मला इंग्रजी येत नाही; पण सरकारी कागदावरचे चाळीसपन्नास शब्द येतात. त्यातला एक 'निल'. कचेरीच्या तक्त्यात जेथे दाखवण्यासारखे काहीच घडलेले नसते, तेथे मराठीत निरंक लिहितात आणि इंग्रजीत निल. सहाव्या पानापासून उजव्या रकान्यात हाच शब्द सुरू झाला. निल, निल, निल, मग एक आकडा, पुन्हा निल. काही पाने तर वरपासून खालपर्यंत निरंक. मी अस्वस्थ झालो. चार पाने घडी करून कचेरीत नेली आणि शेजारच्या टंकलेखकास दाखवली. तो मॅट्रिक झालेला.

"काय हो, ही पोरगी करते काय?" तो चष्मा वर करून म्हणाला. "मॅग्नेशियम, निल. सोडियम, निल. पोटॅशियम, निल. हे बघा, नुसतं पाणी, निल! अहो, पाण्यात काय दिसणार होतं तिला? मासे?"

"संशोधन असतं ते," मी म्हणालो.

"असेल. पण असला तक्ता आमच्या साहेबाकडे गेला, तर करणाराची बदली गडचिरोलीला."

तो चेष्टेत बोलला. मी ते तज्ज्ञाचे मत धरले. त्या दिवशी घरी परतताना मी मनाशी प्रकरण मांडले. समिती म्हणजे कोर्ट. भाची पक्षकार. तीन वर्षे सरकारची शिष्यवृत्ती घेतली आणि बहुतेक दिवस दिवा लागलाच नाही, हे तिने आपल्याच वहीत भाबडेपणाने लिहून ठेवले आहे. हे वाचून समिती काय म्हणेल? पोर हुशार, पण व्यवहार शून्य. तिला विचारावे, असे एकदा वाटले. पण पक्षकाराला विचारले की तो भीतीने सगळेच ठेवायला सांगतो, हा माझा अनुभव. आणि खरे सांगायचे तर, तिच्या त्या विद्येत माझ्याही अकलेचा काही भाग असावा, असे मला वाटत होते. हे मी याआधी कोणापाशी कबूल केलेले नाही.

मी निरंक ओळी गाळल्या. पूर्ण निरंक पाने टाकूनच दिली. उरलेल्या पानांना एकपासून सलग क्रमांक दिले, कारण मधले क्रमांक तुटलेले दिसले की कारकून आधी तेच विचारतो. दीडशेच्यावर पानांची वही पन्नास पानांत बसली. प्रत्येक पानावर उजेड होता. मी ती शिवून घेतली, लाल कापडात बांधली. आणि सवयीने, क्षणाचाही विचार न करता, मूळ वहीची पाने दोन दोन वेळा फाडून न्हाणीघराच्या चुलीशी ठेवली.

ती उठून हिंडूफिरू लागल्यावर, मुंबईस निघण्याच्या आदल्या दिवशी जेवणानंतर, मी बस्ता तिच्यापुढे ठेवला. ती ओटीवर बसून पाने उलटू लागली. आधी सावकाश, मग भरभर.

"मामा, यातलं मॅग्नेशियम कुठं गेलं?"

"ते निरंक होतं."

"आणि पाणी? पाण्याच्या नळ्या?"

"त्याही. अगो, तुझ्याविरुद्ध जाणारं सगळं मी काढलं. आता बघ कसं प्रकरण उभं राहतंय."

तिने माझ्याकडे पाहिले. "मूळ वही द्या बघू."

मी मग म्हणालो, "खर्डा ठेवत नाही मी. फाडतो."

"चेष्टा नका करू हो मामा," असे म्हणून ती हसली. मग आईकडे वळली. माझी बहीण दारात उभी होती. तिला त्यातले काही कळले नव्हते. फक्त काहीतरी फार वाईट झाले, एवढे कळले होते.

"ते कागद होय?" बहीण हळूच म्हणाली. "परवा त्यांवर पाणी तापवलं गो. तुझ्याच आंघोळीचं."

भाची रडली नाही. रडली असती तर मला समजूत घालता आली असती. तिने एक कोरा कागद घेतला आणि आठवून नळ्यांचे क्रमांक लिहायला सुरुवात केली. सात ओळी लिहिल्या. मग पेन खाली ठेवले.

"मनानं लिहिलं तर मीही तेच केलं, जे तुम्ही केलंत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती लाल बस्ता घेऊन गेली. मी एस.टी. स्टँडवर पोहोचवायला गेलो. गाडी सुटेपर्यंत दोघांत सीटच्या क्रमांकाखेरीज बोलणे झाले नाही.

पंधरा दिवसांनी तिचे पोस्टकार्ड आले : समितीने खुलासा मागितला आहे. मी कोणास न विचारता मुंबईची गाडी धरली. चार प्रतींत प्रतिज्ञापत्र लिहून, मुद्रांक लावून बरोबर घेतले होते. ते वाचून समितीचे डोळे उघडतील, अशी माझी खात्री होती.

प्राध्यापक सडपातळ, बोटे औषधांनी पिवळी पडलेली. त्यांनी प्रतिज्ञापत्र उभ्याउभ्या पूर्ण वाचले आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे तुमचं. या माझ्याबरोबर."

सकाळचे अकरा वाजले होते, पण त्या खोलीला काळे पडदे होते. भाची आत होती. मला पाहून तिने मान खाली घातली. प्राध्यापकांच्या सांगण्यावरून तिने आठ नळ्या एका रांगेत लावल्या आणि त्यांच्यावर जांभळा दिवा धरला. सात नळ्यांत काही नाही. एक मात्र निळी पेटली. इतकी स्वच्छ निळी, की मी नकळत एक पाऊल मागे सरलो. तीन वर्षे मी कचेरीत ज्याबद्दल बढाया मारल्या होत्या, ते मी प्रथमच पाहत होतो.

"तुमच्या प्रतीत यातल्या कुठल्या नळ्या आहेत?" प्राध्यापकांनी विचारले.

मी निळीकडे बोट दाखवले.

"बरोबर. आता मला सांगा, ही कॅल्शियमनेच उजळते, मिठाने उजळत नाही, मॅग्नेशियमने उजळत नाही, नुसत्या पाण्यात उजळत नाही, हे मी लोकांना कशावरून सांगू? पेशीत हे सगळंच असतं. जी कशानेही उजळते ती डॉक्टरांच्या काय कामाची?"

मी बोट खाली घेतले.

"निळी नळी हिने पहिल्याच वर्षी केली होती," ते म्हणाले. "उरलेली दोन वर्षं ही या सात नळ्या तपासत होती. तिचं काम ते होतं."

"मग मी साक्ष देतो साहेब," मी म्हणालो. "दोष माझा. तिचा यात काडीचा संबंध नाही."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण समितीला वही लागते. यंत्राचे कागद आहेत आमच्याकडे, ढीगभर. प्रत्येकावर फक्त वहीचा पृष्ठांक आहे. कुठल्या पानावर कुठली नळी, ते वहीतच होतं." मग ते म्हणाले, "आणि वही बाहेर नेली ती हिनेच. त्याला तुमची साक्ष काय करणार?"

समितीने काम अग्राह्य ठरवले. शिष्यवृत्तीची मुदत त्याच वर्षी संपत होती. दोन वर्षांचे काम पुन्हा करण्यास वेळ उरला नव्हता. हे मी समजू शकतो. जे समजून घेणे मला आजही जमत नाही, ते समितीच्या टिपणातले एक वाक्य आहे. त्यात म्हटले आहे की, विद्यार्थिनीने सोयीची तेवढीच निरीक्षणे निवडून सादर केली. वाक्याचा कर्ता चुकला आहे. तिने ते बाड समितीपुढे ठेवताना, हे अपुरे आहे आणि का अपुरे आहे, हे तोंडी सांगितले होते. पण तोंडी सांगितलेले टिपणात आले नाही.

मी तेथेच, व्हरांड्यात, पुनर्विचाराचा अर्ज लिहायला बसलो. शीर्षक लिहून झाले होते. भाचीने येऊन पेनावर हात ठेवला.

"मामा, आता तुम्ही काही लिहू नका."

एवढेच. आवाज चढवला नाही. मी पेन मिटले. तिच्या बाबतीत मी कोणाचे ऐकले, असे ते पहिले.

ती परत आली. सध्या सावर्ड्याच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. सणावाराला घरी येते, माझे ताट वाढते, माझ्या गुडघेदुखीवर तेल सांगते. इतरांना वाटते, सारे मिटले. पण पूर्वी शाळेत शिकत असताना रजेचा अर्जसुद्धा ती मला दाखवून देई. आता घरात मी आलो की टेबलावरचे कागद उलटे होतात. माझ्या व्यवसायावर त्याचा काही परिणाम झाला नाही, हेही नमूद करतो. लोक येतात, सांगतात, मी लिहितो. फक्त खर्डा त्यांच्या हाती देतो आणि फाडायचा असेल तर तुम्ही फाडा, असे म्हणतो. टंकलेखक म्हणतो, म्हातारपण आलं तुम्हाला.

गेल्या महिन्यात तिने त्याच विद्यापीठाकडे पुन्हा नोंदणीसाठी अर्ज करायचे ठरवले. वयाची अट आणखी एका वर्षाने आड येईल. छापील फॉर्ममध्ये एक रकाना आहे : पूर्वीचे काम नाकारले गेले असल्यास कारण. तिने बाकी सारे भरले होते. तो रकाना आठ दिवस कोरा होता. बहिणीने मला सांगितले. मी गेलो आणि तिच्यापुढे उभा राहिलो.

"काय लिहिणार आहेस तिथं?"

"तेच बघतेय," ती म्हणाली. "तुमचं नाव घातलं तर मामावर ढकललं असं दिसतं. नाही घातलं तर मी केलं असं दिसतं."

"मी लिहू? वेगळ्या कागदावर?"

तिने तो कोरा रकाना पुन्हा एकदा वाचला.

"लिहा," ती म्हणाली. "पण माझी बाजू मांडू नका. मी वही बाहेर आणली, तेही लिहा. जे झालं ते सगळं लिहा आणि पाठवण्याआधी मला वाचायला द्या."

फॉर्मला जोडायचे हे निवेदन तिने दोनदा वाचले आहे. तिने एका ठिकाणी दुरुस्ती सुचवली : काविळीत ती तीन आठवडे अंथरुणावर होती, मी महिना लिहिला आहे. माझा खाडाखोडीचा तिटकारा जगजाहीर आहे. तरी वर महिना तसाच ठेवून येथे ती चूक नोंदवतो, जेणेकरून काही बदलले असल्याचा संशय राहू नये.

सबब, संबंधित विभागाच्या समितीस व तेव्हाच्या मार्गदर्शक प्राध्यापकांस विनंती करण्यात येते की, निरीक्षणे निवडण्याचे व गाळण्याचे कृत्य खाली सही करणाराचे होते, विद्यार्थिनीचे नव्हते, अशी नोंद जुन्या टिपणाशेजारी करावी. वही नियमाविरुद्ध बाहेर नेल्याबद्दल तिला जो दोष लागतो तो तिला लागू ठेवावा. ती तो नाकारत नाही. काम पुन्हा पहिल्या नळीपासून करण्यास ती तयार आहे. तिला संधी द्यायची की नाही, याचा निर्णय आपला. तो होकारार्थी असो वा नकारार्थी, नोंदणीची मुदत संपण्यापूर्वी लेखी कळवावा. उत्तर माझ्या पत्त्यावर न पाठवता तिच्या फॉर्मवरील पत्त्यावर, थेट तिच्या नावे पाठवावे.